नातीसाठी चढलेली कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं नोकरीत असताना मी कितीतरी जणांना समजावलं. तलाठी होतो. (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी लांबली, बाकी दप्तर तेच.) बांधाचे वाद, पाणंदीचे वाद, एका फणसावरून सख्ख्या भावांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या तारखा, सगळं जवळून पाहिलेलं. तोच माणूस म्हातारपणी बायकोला घेऊन ओरोसच्या जिल्हा न्यायालयात नातीच्या पालकत्वाचा अर्ज टाकतो म्हटल्यावर वाडीत चर्चा होणारच. शेजारच्या काकींनी मागे न बोलता तोंडावर विचारलं, "घरचाच चेडू ता. तेका कोर्टाचो कागद कित्याक होयो?"

त्यांना तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता देतो, कारण मालवण-देवगड पट्ट्यात आमच्यासारखे आजी-आजोबा बरेच आहेत. पोरं मुंबईला, आखातात किंवा देवाघरी, आणि नातवंडं गावच्या शाळेत.

आमचा मुलगा २०१९ च्या पावसाळ्यात महामार्गावर अपघातात गेला. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. तेव्हा बाय, म्हणजे आमची नात, तीन वर्षांची होती. सून ऐन पंचविशीतली. दोनेक वर्षांनी तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला तो आम्हीच. तिच्या माहेरच्यांना तो काढायला संकोच वाटत होता. २०२२ मध्ये लग्न झालं. मुलगा चांगला, मस्कतला नोकरीला. तिकडे बस्तान बसेपर्यंत बाय आमच्याकडे राहील असं ठरलं. बस्तान बसलं, तिकडे दुसरं मूल झालं, इकडे बायची शाळा, मैत्रिणी, आजीच्या कुशीत झोपायची सवय, सगळं घट्ट होत गेलं. सून रोज रात्री व्हिडिओ कॉल करते, दर महिन्याला पैसे पाठवते, गणपतीला येते. या गोष्टीत वाईट माणूस कोणी नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे कायद्याला एक वाईट माणूस हवा होता.

कागदाची गरज एका दिवसात कळली नाही. शाळेतल्या बाई मला चांगलं ओळखतात, त्यामुळे प्रगतिपुस्तकावर माझी सही चालायची. एकदा बायच्या पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं, तेव्हा दवाखान्यातल्या माणसाने संमतीपत्रावर "नातं?" विचारलं. मी "आजोबा" म्हटलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि आईला फोन लावायला सांगितला. मस्कतला फोन लागला म्हणून निभावलं.

खरी गाठ पडली ती सुकन्या समृद्धी खात्याशी. बाय वर्षाची असताना मी हौसेने पोस्टात तिचं खातं उघडलं होतं. पालक म्हणून माझं नाव. त्या काळात नातीच्या नावे खातं उघडणं ही आजोबांची मिरवायची गोष्ट होती. पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मिळायचं, मधे लग्न ठरलं तर त्याआधी. मी दरवर्षी न चुकता भरत होतो. मग ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाने अल्पबचतीच्या अनियमित खात्यांबद्दल परिपत्रक काढलं. आजी-आजोबांनी उघडलेल्या सुकन्या खात्यांवर, ते कायदेशीर पालक नसतील तर, हयात आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं नाव लागलं पाहिजे. १ ऑक्टोबरपासून अंमल. आता आई मस्कतला. तिचं नाव लावायचं तर तिच्या सह्या, तिचे कागद, आणि पुढे प्रत्येक कामाला पुन्हा तेच. पोस्टातल्या मुलाने सहज म्हटलं, "काका, तुम्ही लीगल गार्डियन होऊन या ना." दाखला काढून या म्हणावं इतकं सोपं करून.

तिसरं कारण माझ्याच दप्तरातलं. मुलाने स्वतःच्या कमाईतून थोडी काजूची जमीन घेतली होती. तो गेल्यावर वारसनोंद झाली. हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलं आणि आई येते. बाप येत नाही, तो दुसऱ्या वर्गात. ही नोंद मी नोकरीत दुसऱ्यांसाठी कितीदा घातली असेन, पण स्वतःचं नाव गाळून घातलेली पाहिली तेव्हा जरा लागलं. असो. सातबारावर आमच्या हिचं नाव, सुनेचं नाव, आणि बायच्या नावापुढे "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ती, आई. (कायद्यात अज्ञान म्हणजे वयात न आलेलं मूल.) गावात समज असा की ज्याचं नाव अ.पा.क. म्हणून लागलं त्याला ती जमीन विकता येते. तसं काही नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने खुद्द आईबापालाही अज्ञानाची स्थावर मिळकत कोर्टाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि आमच्यासारखा नुसता सांभाळणारा नातेवाईक? त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने त्याला त्या मिळकतीला हातच लावता येत नाही. सांभाळणं हा कायद्यात हक्क नाही, ही गोष्ट मी नोकरीभर जाणून होतो. घरात लागू पडेल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

ओरोसला एक तरुण वकीलबाई भेटल्या. त्यांच्या वडिलांच्या जमिनीचा फेरफार कधीकाळी मी धरला होता, त्यामुळे सुरुवातीची पाच मिनिटं त्यातच गेली. मग त्यांनी विचारलं, नक्की काय हवंय? मी म्हटलं, "नातीचा कायमचा ताबा."

"कायमचा मिळत नाही, काका."

मग त्यांनी नीट समजावलं. अर्ज होतो १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली. इंग्रजांचा कायदा, अजून चालू आहे. मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा, म्हणून ओरोस; सुनेचं माहेर कुठलं, नवरा कुठला, याचा संबंध नाही. पालकत्व अठरा वर्षांपर्यंत. कोर्टाने नेमलेला पालक असेल तर पूर्वी एकवीसपर्यंत अज्ञान धरत, ती तरतूद १९९९ मध्ये गेली. ताब्याचा हुकूम परिस्थिती बदलली की बदलता येतो. उद्या सून आली आणि म्हणाली की आता मी सांभाळते, तर कोर्टाला ते ऐकावं लागेल. आणि ऐकायलाच हवं, असं आमच्या हिचं तिथेच मत पडलं.

मेव्हण्याने दत्तकाचा सल्ला दिला होता, तोही विचारून घेतला. दत्तकाने जन्मदात्या आईशी कायद्याने नातं तुटतं. आम्हाला ते स्वप्नातही नको होतं. शिवाय हिंदू दत्तक कायद्यात मुलगी दत्तक घ्यायची तर घरात आधीची मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात असता कामा नये. आम्हाला मुलगी आहे, कुडाळला दिलेली. आणि मुलाची मुलगी म्हणजे तर हीच! मेव्हण्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोटं मोजत बसला.

आता १८९० च्या कायद्याचं कलम १९. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली अवघड जागा हीच. आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाच्या मते अपात्र नसतील, तर दुसऱ्या कोणाला मुलाचा पालक नेमता येत नाही. आधी तिथे फक्त वडील होते, २०१० च्या दुरुस्तीने आईही आली. दुरुस्ती योग्यच. आईच्या डोक्यावरून मूल उचलून कोणी नेऊ नये. पण आमची आई हयात, शहाणी, कमावती, प्रेमळ. आणि तरीही मूल आमच्याकडे, सगळ्यांच्या मर्जीने. अशा घरासाठी त्या कलमात जागाच नाही.

वकीलबाईंनी मसुदा केला. त्यात एक परिच्छेद होता: सामनेवाली ही अज्ञानाचे संगोपन करण्यास अपात्र असून तिने पुनर्विवाहानंतर अज्ञानाकडे संपूर्ण दुर्लक्ष केले आहे. मी वाचून दाखवत होतो. दस्ताची भाषा मला नवी नाही, तिचा कोरडेपणा अंगवळणी पडलेला. मी वाचत पुढे गेलो. ही मात्र तिथेच थांबली.

"ह्या काय लिवलास? माझ्या सुनेन दुर्लक्ष केल्यान?"

वकीलबाई म्हणाल्या, काकी, ही नेहमीची भाषा आहे, कोर्टाला लागते. ही म्हणाली, "लागूं दे. असल्या खोट्यार मी सही करूचंय नाय." आणि पदर खोचून उठली. बाहेर जाऊन बाकावर बसली. शेवटी मसुदा बदलला. आई परदेशी वास्तव्यास असून सद्यस्थितीत दैनंदिन संगोपन करणे तिला शक्य नाही, अज्ञान गेली काही वर्षे अर्जदारांकडे वाढत आहे, आई व अर्जदार यांचे संबंध सलोख्याचे आहेत. शेवटचं वाक्य हिच्या आग्रहाचं. वकीलबाईंनी बजावलं की असा अर्ज थोडा कमकुवत होतो. आता सगळी भिस्त मुलीच्या हितावर. १९५६ च्या कायद्याचं तेरावं कलम मुलाचं कल्याण हाच सर्वांत मोठा विचार मानतं, त्यावर उभं राहायचं.

धीर यावा म्हणून त्यांनी जून २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दाखवला. गुजरातमधला लहान मुलगा, कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेले. उच्च न्यायालयाने ताबा मावशीला दिला होता: तिचं वय कमी, केंद्र सरकारची नोकरी, घर भरलेलं. सर्वोच्च न्यायालयाने तो वडिलांकडच्या आजी-आजोबांना दिला. नुसतं उत्पन्न आणि वय बघून ठरवता येत नाही, आजी-आजोबांची माया जास्त असते असं मानायला जागा आहे, असा आशय. हा परिच्छेद मी हिला दोनदा वाचून दाखवला. अर्थात तिथे आईवडील दोघंही नव्हते, आमची गोष्ट वेगळी. वकीलबाईंनी तेही झाकून ठेवलं नाही.

अर्जासोबत पालक व्हायला तयार असल्याचं आमचं लेखी निवेदन जोडावं लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. बायचा जन्मदाखला, मुलाचा मृत्यूदाखला, शाळेचं बोनाफाईड, माझ्या पेन्शनचं पुस्तक, आणि मुलीचं, म्हणजे आत्याचं, प्रतिज्ञापत्र. एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली: महिला अर्जदाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. हिच्या एकटीच्या नावे अर्ज केला असता तरी चाललं असतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाची पेन्शन तुटपुंजी असेल तर आधी तिथे जा.

मग नोटिसा निघाल्या. सून झाली "सामनेवाली". हिने जिला माप ओलांडून घरात घेतलं, आणि नंतर जिला दुसऱ्यांदा ओटी भरून सासरी पाठवलं, ती. तिला आम्ही आधीच सगळं फोनवर सांगितलं होतं, मसुदा पाठवला होता. तरी माहेरच्या पत्त्यावर बेलीफ नोटीस घेऊन गेला तेव्हा तिच्या वडिलांनी दोन दिवस माझा फोन घेतला नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून आली, त्याने आणखी भर पडली. जाहीर नोटिसा हा आमच्या तालुक्याचा आवडता वाचनविभाग. सकाळी चहाच्या वेळेपासून फोन. "काय झाला? सुनेवांगडा भांडाण झाला?" नाही म्हटलं तर पलीकडे थोडी निराशा ऐकू यायची.

तारखेच्या आदल्या दिवशी हिने देवळात गाऱ्हाणं घालून घेतलं. मी श्रद्धाळू फार नाही, पण उभा राहिलो. गुरव आधी रवळनाथाला, मग बारा-पाचाच्या मेळ्याला, मग चव्हाट्याला हाक मारतो, लेकरू कोणाचं, कुठल्या घरचं ते सांगतो, मग मागणं. प्रत्येक ओळीला सगळे "व्हय म्हाराजा". कोर्टाचा अर्जही असाच बांधलेला असतो: आधी अधिकारक्षेत्र, मग पक्षकार, मग हकीकत, शेवटी विनंती. फक्त तिथे मागून व्हय म्हणायला कोणी नसतं.

सून गणपतीला आली. वकीलबाईंनी खटपट करून तारीख गौरी-गणपती विसर्जनानंतरची, ती परत जायच्या आधीची मागून घेतली होती. सकाळी आम्ही एकाच गाडीतून निघालो. मालवण, कसाल, ओरोस. बाय मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसलो. पुकारा व्हायला उशीर होता, म्हणून अर्जदार क्रमांक एकने सामनेवालीला वडापाव आणून दिला. पलीकडच्या बाकावर एक जोडपं एकमेकांकडे पाठ करून बसलं होतं. ते आमच्याकडे बघत राहिले.

आत न्यायाधीश मॅडम. मला वय, पेन्शन, साखर, रक्तदाब. हिला स्वयंपाक कोण करतं, अभ्यास कोण घेतं. मग सरळ प्रश्न: "ही अठराची होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?" मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. "आणि त्याआधी तुमच्यापैकी एकाला काही झालं तर?" आत्याचं प्रतिज्ञापत्र त्यासाठीच होतं. ती उभी राहिली, म्हणाली की कुडाळच्या घरात बायसाठी खोली आहे आणि नवऱ्याची संमती सोबत जोडली आहे. हा प्रश्न आम्ही दोघं घरात कधी मोठ्याने बोललो नव्हतो.

मग सून. तिला विचारलं की संमती कोणाच्या दबावाखाली दिली आहे का. ती नाही म्हणाली. तिथे थांबायला हवं होतं, वकीलबाईंनी तसं सांगितलंही होतं. पण ती पुढे बोलली. "मी मुलीला सोडलेलं नाही. हे कुठेतरी लिहून घ्या." मॅडमनी टंकलेखकाकडे बघून ते लिहून घ्यायला सांगितलं. मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच झालं.

बायला मॅडमनी एकटीला आत चेंबरमध्ये बोलावलं. मूल समजूतदार वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, तशी कायद्यात तरतूद आहे. नऊ वर्षांची पोर, दोन वेण्या, गणपतीचा नवा फ्रॉक. बरीच आत होती. बाहेर आल्यावर ही मागे लागली, काय विचारलं, काय सांगितलंस? बाय म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, सांगायचं नसेल तर सांगू नकोस." कसालच्या नाक्यावर खाजाचं पाकीट घेऊन दिलं तरी बधली नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

हुकूम दिवाळीनंतर झाला. बायच्या शरीराचे पालक आम्ही दोघं. "शरीराचे" हा कायद्याचा शब्द, मिळकतीच्या पालकाहून वेगळा दाखवण्यासाठी. मिळकतीबाबत हुकूम नाही, ती आईकडेच राहिली, आणि हे मला पूर्ण पटलं. आईला रोज फोनवर बोलता येईल, सुट्टीत मुलगी तिच्याकडे राहू शकेल. कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला अधिकारक्षेत्राबाहेर राहायला न्यायचं नाही. म्हणजे पुढच्या मे महिन्यात सून तिला मस्कतला नेऊ म्हणते, त्यासाठी पुन्हा अर्ज. बायचा पासपोर्टही काढायचाय. वकीलबाई म्हणाल्या, अपील कोणी करणार असेल तर आता मुंबईला जावं लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालं आहे, सिंधुदुर्ग त्यातच येतो. अपील करणार कोण? सामनेवालीने तर हुकुमाचा फोटो मागवून घेतला आणि तिकडे नवऱ्याला वाचून दाखवला. "मी मुलीला सोडलेलं नाही" हे वाक्य त्यात आहे का, एवढंच तिने विचारलं. आहे. चौथ्या पानावर.

कलम १९ बद्दल माझं मत लिहूनच ठेवतो. घरातली माणसं एकमताची असतील तर पालकत्वाच्या अर्जात कोणाला अपात्र म्हणायची वेळ येऊ नये. संमतीने घटस्फोट होतो, त्याला वेगळं कलम आहे. संमतीने सांभाळ होतो, त्यालाही असावं. आमच्या बाबतीत मॅडमनी मुलीचं हित धरून वाट काढली. दुसरीकडे हिच्यासारखी हट्टी बाई नसेल तर तो दुर्लक्षाचा परिच्छेद तसाच जाईल, आणि दहा वर्षांनी ती मुलगी स्वतः तो वाचेल.

पोस्टात खात्यावर आता माझं नाव कायदेशीर पालक म्हणून लागलं. काम अर्ध्या तासात झालं. काकींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासाच्या कामाक वर्षभर खंय गेल्लास?"

ज्यांना यातून जायचंय त्यांच्यासाठी एक जुन्या दप्तरदाराची सूचना. हुकूम मिळाला की त्याच आठवड्यात प्रमाणित नकलांसाठी अर्ज करा, आणि एकावर न थांबता चार-पाच घ्या. शाळा एक ठेवून घेते, पोस्ट एक, पासपोर्टवाले मूळ बघायला मागतात. नकला पुठ्ठ्याच्या फाईलीत ठेवा, पावसाळ्यात तांदळाच्या डब्याशेजारी, जिथे ओल येत नाही. आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही.